विमान घेणं एकदाच, सांभाळणं रोजचं : एका किंग एअरचा हिशेब



गणिताच्या तासाला 'चलन' हा घटक सुरू होता. समचलन, व्यस्त चलन, मजूर वाढले की दिवस कमी, वगैरे. मुलं कंटाळली होती आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. तेवढ्यात शाळेवरून एक छोटं, दोन पंख्यांचं विमान गेलं. मुलं खिडकीकडे धावली. परत जागेवर बसताना एकाने विचारलं, "बाई, असलं विमान घ्यायला किती पैसे लागत असतील?"

मी म्हटलं, "घ्यायला किती लागतात ते सोड. ठेवायला किती लागतात ते विचार."

सहज बोलून गेले, पण त्या वाक्यावर पुढचे चार तास गेले. माझा एक जुना विद्यार्थी आज विमान देखभाल अभियंता आहे. त्याला फोन करून बरंच विचारून घेतलं, स्वतःही वाचलं. त्यातून जो पाठ तयार झाला तो इथे देतेय. आठवी ते दहावीच्या वर्गाला घेता येईल. पालकांनी घरी घेतला तरी चालेल, कारण शेवटी हा पाठ विमानाचा राहतच नाही.

आधी विमान समजून घेऊ

उदाहरणासाठी आपण बीचक्राफ्ट कंपनीचं किंग एअर सी-९० हे विमान घेऊ. अमेरिकेत बनलेलं. या घराण्यातलं पहिलं विमान १९६४ च्या जानेवारीत उडालं आणि त्याची मोठी भावंडं आजही बनतात. आजवर सात हजारांहून जास्त किंग एअर तयार झाली आहेत. सी-९० हे त्यातलं धाकटं. वैमानिक धरून सात-आठ माणसं बसतात. ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास वेग. उंचावर हवा विरळ असते म्हणून आतल्या खोलीत हवेचा दाब वाढवावा लागतो, तीही सोय यात आहे.

याला टर्बोप्रॉप म्हणतात. बाहेरून पंखा दिसतो म्हणून मुलांना वाटतं की हे जुन्या पद्धतीचं इंजिन. तसं नाही. आतमध्ये जेट विमानासारखंच टर्बाइन इंजिन असतं. हवा आत ओढायची, दाबायची, त्यात इंधन जाळायचं, आणि त्या गरम वायूच्या जोरावर चक्रं फिरवायची. फरक एवढाच की त्या चक्राची ताकद गिअरमार्फत पंख्याला दिली जाते. सी-९० मध्ये प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा कंपनीची पीटी-६ए जातीची दोन इंजिनं असतात. हे इंजिन १९६० च्या दशकापासून चालत आलंय आणि जगभर त्याची भरवशाचं इंजिन अशी ख्याती आहे.

आता मुलांना एक आकडा सांगा. या इंजिनातलं दाब निर्माण करणारं चक्र पूर्ण वेगात मिनिटाला ३७,५०० फेऱ्या मारतं. पंखा मात्र मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फिरतो. मोटारसायकलचं इंजिन सात-आठ हजारांवर गेलं की कसं किंचाळतं ते मुलांना माहीत असतं. त्याच्या साडेचार-पाच पट वेग, आणि वर शेकडो अंशांचं तापमान! टर्बाइनची पाती निकेलच्या खास मिश्रधातूची असतात. साधं पोलाद तिथे टिकत नाही. एवढ्या उष्णतेत आणि एवढ्या ओढीत धातू अगदी हळूहळू ताणला जातो, लांब होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण होतो. म्हणून तर त्याला मोजणं आणि वेळेवर बदलणं आलं.

तीन घड्याळं

पाठाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश घेऊ.

आपली मोटारसायकल आपण किलोमीटरवर मोजतो. ट्रॅक्टर तासांवर मोजतो. त्याला तासांचं मीटरच असतं. गावाकडच्या मुलांना हे पटकन कळतं. विमानाला मात्र तीन घड्याळं असतात आणि तिन्ही एकाच वेळी चालू असतात.

पहिलं घड्याळ तासांचं. विमान किती तास उडालं? पीटी-६ए च्या सी-९० वरच्या इंजिनांसाठी साधारण ३,६०० तासांनी संपूर्ण ओव्हरहॉल सांगितलेलं असतं. म्हणजे इंजिन उतरवायचं, पूर्ण उघडायचं, प्रत्येक भाग तपासायचा, झिजलेला बदलायचा आणि पुन्हा जोडून चाचणी घ्यायची. त्याच्या मध्यावर, म्हणजे १,८०० तासांच्या सुमारास, 'हॉट सेक्शन'ची तपासणी. जिथे आग पेटते तो भाग आणि त्याच्या लगतची पाती उघडून बघायची.

दुसरं घड्याळ फेऱ्यांचं. इंग्रजीत ज्याला सायकल म्हणतात ते. इंजिन एकदा सुरू करून, उड्डाण करून, उतरून बंद केलं की एक फेरी. दर फेरीला धातू तापतो आणि थंड होतो, हवेच्या दाबाने विमानाचं अंग फुगतं आणि पुन्हा बसतं. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण त्याच जागी पुन्हापुन्हा वाकवली तर तुटते ना? तेच हे. इंजिनातल्या चक्रांना ठरावीक फेऱ्यांचं आयुष्य असतं. ते संपलं की चक्र कितीही चकचकीत दिसो, काढून टाकायचं. तिथे दया-माया नाही.

तिसरं घड्याळ आहे कॅलेंडर. विमान उडालं नाही तरी हे चालतंच. रबर कडक होतं, सील गळायला लागतं, धातूला गंज चढतो. किंग एअरच्या पंखांना धडाशी जोडणारे जे बोल्ट असतात ते दर पाच वर्षांनी तपासायचे आणि पंधरा वर्षांनी बदलायचेच. चाकांची यंत्रणा, म्हणजे लँडिंग गिअर, सहा वर्षांनी किंवा ८,००० फेऱ्यांनी, जे आधी येईल तेव्हा, ओव्हरहॉल करायचं. पंख्यांचंही सहा वर्षांच्या आसपास येतं.

'जे आधी येईल ते' हे चार शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. सगळ्या देखभालीचा नियम त्या चार शब्दांत आहे.

फेऱ्यांच्या घड्याळाकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, याचं उदाहरण इतिहासात आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा तुकडा हवेतच उडून गेला. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली आणि मरण पावली. वैमानिकांनी कमाल करून विमान उतरवलं. त्या विमानाचे तास होते सुमारे ३५ हजार, पण फेऱ्या होत्या जवळजवळ ९० हजार! बेटाबेटांमधली छोटी छोटी उड्डाणं, आणि भोवती समुद्राची खारी हवा. तास कमी, फेऱ्या अफाट. एकाच घड्याळाकडे बघून चालत नाही ते असं.

तपासणीचं वेळापत्रक आणि लसावि

किंग एअर सी-९० ची नेहमीची तपासणी चार टप्प्यांत विभागलेली असते. दर २०० तासांनी एक टप्पा. म्हणजे ८०० तासांत चारही टप्पे पूर्ण. पण इथेही कॅलेंडर आहेच : चारही टप्पे २४ महिन्यांच्या आत झालेच पाहिजेत.

मुलांना विचारा : एखादा मालक वर्षाला १५० तास उडवतो. दोन वर्षांत ३०० तास झाले. तासांच्या हिशेबाने एकच टप्पा लागला. मग बाकीचे तीन टप्पे सोडून द्यायचे का? नाही. २४ महिने संपले, चारही करायचे. म्हणून बरेच मालक एका वर्षी पहिले दोन आणि पुढच्या वर्षी उरलेले दोन असे जोडीने उरकतात.

मग दुसरा प्रश्न : वर्षाला किती तास उडवलं म्हणजे तासांचं आणि कॅलेंडरचं घड्याळ एकाच वेळी वाजेल? ८०० भागिले २, म्हणजे वर्षाला ४०० तास. हे उत्तर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लसाविसाठीही इथे छान उदाहरणं तयार होतात. २०० तासांचा टप्पा आणि १,८०० तासांची हॉट सेक्शन तपासणी एकत्र कधी येईल? चार टप्प्यांचं पूर्ण चक्र ८०० तासांचं आणि इंजिनाचं ३,६०० तासांचं, ही दोन्ही एकदम कधी संपतील? (उत्तर ७,२०० तास.) पुस्तकातल्या घंटा आणि दिव्यांपेक्षा मुलं यात जास्त रमतात, हा माझा अनुभव.

आता पैसे

इथे एक स्पष्ट करते. खालचे आकडे वर्गासाठी गोल करून धरलेले आहेत. प्रत्यक्षात विमानाचं वय, इंजिनाची स्थिती, देश, वर्कशॉप यानुसार ते कमी-जास्त होतात. पण आकड्यांचं आपापसातलं नातं साधारण असंच असतं, आणि आपल्याला तेच शिकवायचंय. मालक अमेरिकेत आहे आणि स्वतःच विमान चालवतो, म्हणजे वैमानिकाचा पगार नाही, असं धरू.

विमान उडालं तरच होणारा खर्च, दर तासाला :

इंधन : तासाला ८० गॅलन (म्हणजे सुमारे ३०० लिटर), गॅलनला ६ डॉलर = ४८० डॉलर.

इंजिनांची भिशी : एका इंजिनाचं ओव्हरहॉल ४,००,००० डॉलर आणि मधली हॉट सेक्शन तपासणी ५०,००० डॉलर धरली, तर दोन इंजिनांचे ९,००,००० डॉलर. भागिले ३,६०० तास = दर तासाला २५० डॉलर.

एकूण तासाला ७३० डॉलर.

यातला 'भिशी' हा शब्द मुलांचाच. आया बचत गटात दर महिन्याला पैसे टाकतात आणि एक दिवस मोठी रक्कम हातात येते. इथे दर तासाला टाकायचे आणि एक दिवस मोठी रक्कम द्यावी लागते, एवढाच फरक. हे २५० डॉलर त्या दिवशी कोणी मागत नाही. पंपावर पेट्रोलवाला पैसे मागतो, इंजिन मागत नाही. ते गप्प राहून सगळं वहीत मांडून ठेवतं.

विमान उडो न उडो, होणारा खर्च, दर वर्षाला :

टप्प्यांच्या तपासण्या (दोन वर्षांचे ५०,०००) = २५,०००
तपासणीत निघालेली आणि अचानक आलेली दुरुस्ती = २५,०००
दोन पंख्यांचं ओव्हरहॉल (सहा वर्षांचे ३६,०००) = ६,०००
लँडिंग गिअर (सहा वर्षांचे ६०,०००) = १०,०००
हँगरचं भाडं = २०,०००
विमा = २०,०००
वैमानिकाचं दरवर्षीचं प्रशिक्षण, नकाशांची माहिती वगैरे = १४,०००

एकूण वर्षाला १,२०,००० डॉलर.

आता समीकरण मांडू. वर्षातले तास 'त' आणि वर्षाचा खर्च 'ख' धरला तर :

ख = ७३० × त + १,२०,०००

दोन चलांतलं रेषीय समीकरण! आता मुलांना तक्ता भरायला द्या.

वर्षाला ५० तास उडवलं : खर्च १,५६,५०० डॉलर, तासाला ३,१३०.
वर्षाला १५० तास : खर्च २,२९,५०० डॉलर, तासाला १,५३०.
वर्षाला ३०० तास : खर्च ३,३९,००० डॉलर, तासाला १,१३०.

डॉलरला ८५ रुपये धरले तर मधल्या ओळीचे वर्षाला जवळजवळ १ कोटी ९५ लाख रुपये होतात. एकाने हळूच विचारलं, "बाई, यात विमानाची किंमत आली कुठे?" आलीच नाही. विमान फुकट मिळालं असतं तरी हा खर्च होता.

आलेखावर रेघ काढली की ती शून्यातून निघत नाही, १,२०,००० वरून निघते. का, हे मुलांना स्वतः सांगू द्या. इंजिनाच्या भिशीचं तासांशी समचलन आहे. तासामागे येणाऱ्या स्थिर खर्चाचं तासांशी व्यस्त चलन आहे : १,२०,००० ला ५० ने भागा, १५० ने भागा, ३०० ने भागा. एकाच उदाहरणात दोन्ही चलनं.

आणि हुशार मुलांसाठी एक खोच : हे समीकरण कितीही तासांपर्यंत चालेल का? नाही. वर्षाला ४०० तासांच्या पुढे गेलं की टप्प्यांचा खर्चही तासांवर मोजावा लागेल, कारण आता तासांचं घड्याळ आधी वाजतं. सूत्राला मर्यादा असते, ती सांगितल्याशिवाय सूत्र अर्धवट आहे.

स्वस्त कोणतं?

हा प्रश्न आमच्या वर्गात सगळ्यात गाजला. दोन जुनी सी-९० विक्रीला आहेत असं समजा. दोन्ही एकाच वयाची, रंगरूप सारखं. पहिल्याची किंमत ५ लाख डॉलर, दुसऱ्याची ९ लाख. पहिल्याची इंजिनं मागच्या ओव्हरहॉलनंतर ३,४०० तास चाललेली, दुसऱ्याची ६०० तास. कोणतं घ्याल?

वर्गातले निम्म्याहून जास्त हात पहिल्यासाठी वर गेले. मग हिशेब केला. पहिल्याचे इंजिनांचे वापरून झालेले पैसे : ३,४०० × २५० = ८,५०,०००. दुसऱ्याचे : ६०० × २५० = १,५०,०००. फरक ७ लाख डॉलरचा, आणि किमतीतला फरक फक्त ४ लाखांचा. म्हणजे जे 'स्वस्त' दिसतं ते ३ लाखांनी महाग पडतं. २०० तासांनी, म्हणजे दीडशे तासांच्या हिशेबाने सव्वा-दीड वर्षात, मालकाच्या दारात मोठं बिल येऊन उभं राहणार.

जुन्या विमानांच्या बाजारात हे खरोखर घडतं. चाळीस वर्षांचं विमान आणि त्याच्या दोन इंजिनांचं ओव्हरहॉल, यांची किंमत जवळपास सारखी होऊन बसते. म्हणून जाणकार माणूस विमान बघायला गेला की रंग बघत नाही, आधी लॉगबुक मागतो. जमिनीला जसा सातबारा, तसं विमानाला लॉगबुक. कोणत्या क्रमांकाचा भाग कधी बसवला, त्याचे तास किती, फेऱ्या किती, काम कोणी केलं, सही कोणाची. लॉगबुक हरवलं तर भाग चांगला असूनही त्याचं आयुष्य सिद्ध करता येत नाही, आणि जे सिद्ध होत नाही त्याला किंमत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी खाजगी विमान ठेवणाऱ्यावर ३,६०० तासांच्या ओव्हरहॉलची कायद्याने सक्ती नसते. ती निर्मात्याची शिफारस असते. भाड्याने प्रवासी नेणाऱ्याला मात्र ती पाळावी लागते. चक्रांच्या फेऱ्यांची मर्यादा आणि सरकारी उड्डाणयोग्यता आदेश हे मात्र सगळ्यांना सारखेच. म्हणजे काही निर्णय मालकाच्या विवेकावर सोडलेले आहेत. वर्गात यावर चर्चा घ्या : नियम सांगत नाही म्हणून नाही करायचं का?

छोटी बॅटरी, मोठं इंजिन

माझ्या त्या विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. टर्बाइन इंजिन सुरू करताना आधी बॅटरीच्या जोरावर ते फिरवावं लागतं, हवा आत ओढली जायला लागली की इंधन सोडायचं. बॅटरी कमजोर असली तर इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही. हवा कमी, इंधन तेवढंच, मग आतलं तापमान मर्यादेच्या बाहेर उसळतं. याला 'हॉट स्टार्ट' म्हणतात. काही सेकंदांत लाखो डॉलरच्या इंजिनाची पाती भाजून निघू शकतात.

"बाई, बॅटरी वाचवायला गेलेला माणूस इंजिन घालवून बसतो," तो म्हणाला.

तशीच दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन धुणं. समुद्राजवळ उडणाऱ्या विमानाच्या इंजिनात मीठ जातं. ठरावीक काळाने इंजिन आतून स्वच्छ पाण्याने धुवावं लागतं. काम छोटं, खर्च किरकोळ, पण टाळलं तर पात्यांना गंज खातो. मुंबईच्या जुहू विमानतळासारख्या अगदी समुद्रकाठच्या ठिकाणी हे किती महत्त्वाचं असेल, ते कोकणातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. दारातल्या सायकलची साखळी त्यांनी पाहिलेली असते.

सही करणारा माणूस

भारतात विमानाचं नोंदणी अक्षर 'व्हीटी'ने सुरू होतं आणि देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, करतं. मोटारीचं जसं पासिंग, तसं विमानाच्या उड्डाणयोग्यतेचं दरवर्षी पुनरावलोकन होतं. देखभालीचं काम झालं की परवानाधारक अभियंता सही करतो आणि मगच विमान उडतं. त्या सहीचा अर्थ एवढाच : मी हे काम नियमाप्रमाणे झालेलं पाहिलं आहे.

ती सही खोटी पडली तर? किंग एअरच्याच घराण्यातून पुढे आलेलं बीच १९००डी नावाचं १९ आसनी दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप आहे. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या शार्लट इथून एअर मिडवेस्टचं असं एक विमान उडालं आणि मिनिटभराच्या आतच कोसळलं. सगळे २१ जण गेले. तपासात निघालं ते असं : दोनच रात्री आधी विमानाच्या शेपटीकडच्या एलिव्हेटरची केबल जुळवण्याचं काम झालं होतं. मेकॅनिक त्या प्रकारच्या विमानावर हे काम पहिल्यांदाच करत होता. सूचनांमधल्या काही पायऱ्या 'गरजेच्या नाहीत' म्हणून गाळल्या गेल्या, आणि ज्याने तपासायचं त्यानेही ते चालवून घेतलं. केबल चुकीची जुळली. विमानाचं नाक खाली आणण्याची ताकद जवळपास निम्मी झाली. कमी वजनावर मधली उड्डाणं निभावली. त्या दिवशी विमान पूर्ण भरलं होतं, मागच्या बाजूला वजन जास्त होतं, आणि नाक वर गेलं ते खाली आणता आलं नाही.

त्यात आणखी एक मुद्दा निघाला. प्रवाशांचं वजन मोजत नसत, ठरावीक सरासरी धरत. ती सरासरी जुनी झाली होती, माणसं प्रत्यक्षात जास्त वजनाची होती. सांख्यिकी शिकवताना 'सरासरी जुनी होते का?' हा प्रश्न मी आता नेहमी घेते.

मुलं हे ऐकून शांत झाली. मी त्यांना एवढंच म्हटलं, "उदाहरण सोडवताना तुम्ही पायऱ्या गाळता ना, उत्तर तर बरोबर आलंय म्हणून? तिथेही मधली काही उड्डाणं बरोबरच आली होती."

वर्गातून घरी

पाठ संपल्यावर गृहपाठ दिला : घरातली कोणतीही एक वस्तू घ्या, तिची तीन घड्याळं शोधा आणि 'ख' चं समीकरण मांडा. कोणी प्रेशर कुकर घेतला (रिंग आणि व्हॉल्व्ह), कोणी पाण्याची मोटर, कोणी आजोबांचा चष्मा.

आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी जुना छोटा हत्ती घेतलाय, भाजीपाला बाजारात नेण्यासाठी. तिने त्याचं समीकरण मांडून आणलं. वडील रोज संध्याकाळी मिळालेल्या भाड्यातून डिझेल वजा करायचे आणि उरले ते कमाई म्हणायचे. तिने टायर, ऑइल, ब्रेक लायनर, विमा, पासिंग, सगळं विचारून विचारून लिहिलं आणि किलोमीटरला वाटून टाकलं. कमाई जवळजवळ निम्मी निघाली.

दुसऱ्या आठवड्यात पालकसभेला ते आले होते. मला म्हणाले, "बाई, पोरीनं हिशेब दाखवला आणि रात्री झोप लागली नाही बघा. ब्रेकचं काम दिवाळीनंतर करू म्हणत होतो. करून घेतलं. आता डब्यात रोज वेगळे पैसे टाकतो. ती त्याला गाडीची भिशी म्हणते."

मला त्या दिवशी आमच्या शाळेतलं पाणी शुद्ध करायचं यंत्र आठवलं. कोणीतरी मोठ्या मनाने दिलेलं. फोटो निघाले, नारळ फुटला. फिल्टर बदलायचे पैसे कुठल्या खात्यातून, हे कोणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. वर्षभरात ते बंद पडलं आणि मुलं पुन्हा टाकीच्या नळावर. यंदा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी त्याचं समीकरण मांडलं. फिल्टरसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवायचं ठरलं आणि यंत्र पुन्हा चालू झालंय. फिल्टर बदलल्याची तारीख लिहायला शेजारी एक वही टांगली आहे. मुलांनी तिच्यावर लिहिलंय : लॉगबुक.

शिक्षकांसाठी : वर्गात घ्यायचे प्रश्न

१. वरच्या समीकरणात तासाचा खर्च नेमका १,३३० डॉलर येण्यासाठी वर्षाला किती तास उडवावं लागेल? (२०० तास)

२. दोघा मित्रांनी विमान भागीत घेतलं आणि प्रत्येकाने १५० तास उडवलं. एकट्याने १५० तास उडवण्यापेक्षा प्रत्येकाचे वर्षाला किती वाचले? (प्रत्येकी १,६९,५०० डॉलर खर्च, म्हणजे ६०,००० वाचले. हे नेमके स्थिर खर्चाच्या निम्मे का, ते मुलांना शोधू द्या.)

३. वर्षाला १५० तास उडणाऱ्या विमानाच्या इंजिनांचे ३,६०० तास किती वर्षांत भरतील? (२४ वर्षं) तेवढ्या काळात लँडिंग गिअरचं काम किती वेळा येईल? (४ वेळा)

४. एक विमान रोज एकच तीन तासांचं उड्डाण करतं, दुसरं रोज अर्ध्या तासाची सहा. वर्षाचे तास सारखे. कोणत्याची चक्रं आधी बदलावी लागतील आणि का?

५. घरातल्या एका वस्तूचं 'जे आधी येईल ते' असं वेळापत्रक तयार करा.

पालकांसाठी एकच विनंती. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित असलेल्या मुलांना विमान देखभाल अभियंता होण्याची वाट खुली असते. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीचं केंद्र आहे, तिकडे कधी सहलीची परवानगी मिळाली तर जरूर बघा. विमान उडवणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. रात्री हँगरमध्ये टॉर्च तोंडात धरून बोल्ट तपासणाऱ्याबद्दलही मुलांशी बोला. सगळी मुलं वैमानिक होणार नाहीत, पण प्रत्येकाला आयुष्यात काही ना काही सांभाळावं लागणारच आहे.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी कोणत्या वस्तूंची घड्याळं शोधली, ते मला नक्की कळवा.